उपग्रहचित्रातील पट्ट्यांचा क्रम

पिकांच्या पाहणीसाठी वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत २, ३, ४ व ८ क्रमांकांचे पट्टे अनुक्रमे निळा, हिरवा, तांबडा व निकट-अवरक्त असतात. हे चारच पट्टे याच क्रमाने एका फाईलीत ठेविले, की मूळ क्रमांक लोपतात. पायथनमधील रास्टेरिओ त्यांस १ पासून मोजते. वाचून झालेल्या सारणीत मात्र मोजणी ० पासून. गफलत होते ती येथेच!

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते व अवरक्त परावर्तित करते. या फरकावरूनच वनस्पती-निर्देशांक काढतात. हे दोन पट्टे उलटे घेतल्यास निर्देशांक ऋण येतो आणि भरघोस पिकाचे शेत तळ्यासारखे भासते. संगणक चूक दाखवीत नाही. म्हणून प्रथम सारणीतील ३, २, १ हे पट्टे लाल, हिरव्या व निळ्या जागी मांडून चित्र पाहावे. हिरवेगार पीक लालभडक दिसले, म्हणजे क्रम बरोबर.