अडलेलीला हात कोणाचा?

जळकोटजवळच्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. अशा कामातला जुना, मोठा धडा जामखेडचा.

तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांच्या बहुतेक ग्रामआरोग्य कार्यकर्त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेकजणी दलित. एकदाच प्रशिक्षण देऊन त्यांना गावात एकटं सोडलं नाही. त्या ठरावीक दिवशी जामखेडला जमायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या. गावात कुठे अडलं ते मोकळेपणानं सांगायच्या, आणि उत्तर अनेकदा डॉक्टरांऐवजी दुसऱ्या गावची सोबतीणच द्यायची. ही मोकळीक राखणं, हेच आरोळे दांपत्याचं मोठं नेतृत्व.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.