गोणीतले पालाश येते तरी कुठून?



पोटॅशची गोणी आपण तालुक्याच्या दुकानातून आणतो, पण त्यातले पालाश हजारो मैलांवरून आलेले असते. युरियातले नत्र हवेतून घेता येते. स्फुरद आणि पालाश मात्र जमिनीच्या पोटातूनच काढावे लागतात. स्फुरदाचा खडक आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे निघतो. पण तो पुरत नाही, म्हणून मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून आणावा लागतो. म्युरेट ऑफ पोटॅश तर सारेच कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून येते.

परावलंबन किती महाग पडते हे २०२२ साली दिसले. बेलारूसचे पोटॅश ज्या बंदरातून निघे, ती वाट फेब्रुवारीत बंद झाली आणि त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध पेटले. जगाच्या बाजारात भाव भडकले आणि आपल्याकडे गोणी सतराशे रुपयांपर्यंत गेली. भांडण कुठले आणि झळ कुणाला!

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशाला अत्यावश्यक अशा ३० खनिजांची यादी केली. तीत बॅटरीचे लिथियम व कोबाल्ट आहेत, तसेच आपले स्फुरद आणि पालाशही आहेत. त्याच वर्षी खाण कायदा बदलून अशा २४ खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राने घेतला. उत्पन्न मात्र राज्यालाच मिळते. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी मिळाली. शोध, उत्खनन, प्रक्रिया आणि जुन्या वस्तूंतून धातू परत मिळवणे, ही त्याची कामे.

परदेशातही प्रयत्न चालू आहेत. तीन सरकारी कंपन्यांनी मिळून २०१९ साली 'काबिल' नावाची कंपनी काढली. त्यांतील एक, खनिज शोधणारी एमईसीएल, आपल्या नागपूरची आहे. 'काबिल'ने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील पाच लिथियम क्षेत्रांचा करार केला. खतासाठी २०२५ साली सौदी अरेबियाच्या कंपनीशी दरसाल ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला.

आपल्या भूमीत पालाश नाही असे नाही. राजस्थानच्या हनुमानगड, बिकानेर भागात ते मिठाच्या थरांसोबत शेकडो मीटर खोल आहे. पाणी सोडून ते विरघळवून वर काढता येईल का, हे पाहण्यासाठी २०२१ साली करार झाला. पण खाण म्हणजे विहीर नव्हे. शोधापासून माल हाती येईपर्यंत कित्येक वर्षे जातात.

तोवर एक खाण आपल्या दाराशी आहे. आसवनीत मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे सांडपाणी उरते, ते जाळून राहिलेल्या राखेत पालाश असते. त्यापासून केलेल्या खतात साडेचौदा टक्के पालाश असून ऑक्टोबर २०२१ पासून त्याला अनुदान लागू झाले. हिशेब मात्र नीट करा. म्युरेटच्या एका ५० किलो गोणीत ३० किलो पालाश असते. तेवढ्यासाठी या खताच्या चारपेक्षा थोड्या जास्त गोण्या लागतात. भाव गोणीचा नव्हे, पालाशाच्या किलोचा पाहा.

आता आपल्या हातचे. पिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग पाने, ताटे आणि काडात राहतो. म्हणून उसाचे पाचट, गव्हाचे काड पेटवू नका. ते रानातच कुजवा. माती तपासल्याखेरीज मात्रा ठरवू नका. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद अडकून बसते, म्हणून ते विस्कटून न टाकता बियाण्याच्या खाली पडेल असे पेरून द्या आणि बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळा.

सरकारने खाणी शोधाव्यात, करार करावेत. ते त्याचे कामच आहे. पण विकत आणलेले पालाश बांधावर जाळून टाकायचे आणि पुन्हा गोणीसाठी रांगेत उभे राहायचे, हे आपल्याला परवडणारे नाही.