‘कामावर जाताना पिस्तूल नेता का?’ असं विचारलं, तर खरं उत्तर मिळेल?

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. माझा आतेभाऊ एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करतो. जिंतूर-सेलू भागातल्या गावांमधून हप्ते गोळा करायचे आणि रोकड पिशवीत घालून संध्याकाळी मोटारसायकलवर परत यायचं. तो म्हणाला, "दादा, लायसन काढून एखादं पिस्तूल कंबरेला लावावं म्हणतो. कंपनीत मनाई आहे, पण त्यांना कळणार कसं? तू पीएचडी करतोस ना, मग सांग, यानं धोका कमी होतो का वाढतो?"

माझा विषय संख्याशास्त्र, तरी मला चटकन उत्तर देता आलं नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यासारख्यांना हा प्रश्न उपयोगी पडेल, म्हणून तो इथे उलगडून सांगतो.

आधी कायदा आणि नियम वेगळे करा

आपल्याकडे बंदुकीचा परवाना १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार मिळतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. ते मिरवणं हाच गुन्हा. शिवाय परवान्याच्या अटींमध्ये शिक्षणसंस्थेच्या आवारात, जत्रेत किंवा धार्मिक मिरवणुकीत खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही.

कंपनीचा नियम ही त्याहून निराळी गोष्ट. परवाना सरकार देतं, पण म्हणून मालकाची मनाई रद्द होत नाही. म्हणजे एखादा माणूस कायद्याने बरोबर आणि नोकरीच्या नियमाने चूक असू शकतो. ज्याच्याकडे परवानाच नाही, तो दोन्हीकडून चूक. प्रश्नावली करताना हे गट एकत्र केलेत तर आकडा कशाचा आला हेच कळणार नाही.

परवाने मोजले म्हणजे झालं का?

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर अंजली दमानिया यांनी जाहीरपणे विचारलं, की परभणीत ३२ शस्त्रपरवाने असताना बीडमध्ये १२२२ का? हे आकडे त्यांनी मांडलेले आहेत. आपण फक्त ते वाचायचे कसे ते पाहू.

पहिली पायरी म्हणजे लोकसंख्येने भागणं. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्हा साधारण १८.४ लाखांचा आणि बीड २५.९ लाखांचा. म्हणजे लाखामागे परभणीत पावणेदोन आणि बीडमध्ये सुमारे ४७. फरक तरीही प्रचंडच राहतो.

दुसरी पायरी अवघड आहे. परवाना कपाटात असतो, पिस्तूल कंबरेला असतं. परवानाधारकांपैकी किती जण ते रोज कामावर नेतात, हे या आकड्यात नाही. विनापरवाना कट्टा तर कोणत्याच नोंदवहीत नसतो. आतेभावाचा प्रश्न मात्र नेमका त्या ‘रोज नेण्या’बद्दल होता.

एक अभ्यास, आणि त्यातली फट

या विषयावर डाना लूमिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००५ मध्ये आला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९४ ते १९९८ या काळात ज्या कामाच्या ठिकाणी खून झाले ती एका बाजूला घेतली, आणि तुलनेसाठी जिथे झाले नाहीत अशी ठिकाणं दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक ठिकाणी शस्त्रांबद्दल मालकाचं धोरण काय होतं ते तपासलं. इतर धोके हिशेबात घेऊनही, जिथे बंदुकीला परवानगी होती तिथे खून होण्याची शक्यता सर्व शस्त्रांना बंदी असलेल्या ठिकाणांपेक्षा सुमारे पाचपट (४.८१) निघाली. विश्वास-अंतराल १.७० ते १३.६५.

अंतराल किती रुंद आहे पाहा. परिणामाची दिशा कळते, आकार धूसर राहतो. दुसरं, जी जागा मुळातच धोक्याची, तिथला मालक बंदुकीला हरकत घेत नसेल, असंही असू शकतं. आणि तिसरी गोष्ट आपल्या कामाची: अभ्यासात मोजलं ते धोरण, खिसा नव्हे. बंदी असूनही गुपचूप पिस्तूल आणणारे ‘बंदी’च्याच गटात धरले गेले. अशी सरमिसळ झाली की सहसा दोन गटांतला फरक दिसतो त्याहून मोठा असतो, पण किती मोठा ते सांगता येत नाही.

मग विचारायचं कसं?

सरळ विचारलं तर नोकरी जाण्याच्या भीतीने माणूस ‘नाही’ म्हणणार. १९६५ मध्ये स्टॅनली वॉर्नर यांनी यावर युक्ती काढली: उत्तरात मुद्दाम यदृच्छा मिसळायची. तिचं एक सोपं रूप असं.

उत्तर देणाऱ्याने तुम्हाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. समजा २०० जणांपैकी ११८ जण ‘हो’ म्हणाले (आकडे काल्पनिक आहेत). त्यातले अंदाजे १०० ‘हो’ नाण्याचे. उरलेल्या १०० मधले १८ खरे. म्हणजे १८ टक्के. कोण ते मात्र तुम्हालाही ठाऊक नाही. उद्या तुमची वही कोणाच्या हाती लागली तरी एका माणसाचं ‘हो’ म्हणजे कबुली ठरत नाही.

याची किंमत मोजावी लागते. सगळे खरं बोलतील असं धरलं, तर सरळ प्रश्नात २०० जणांवर १८ टक्क्यांचा अंतराल साधारण १३ ते २३ येतो. नाणं वापरलं की तो ४ ते ३२ होतो. तितकीच अचूकता हवी तर साडेसहापट माणसं लागतील, म्हणजे १३०० च्या आसपास. गाईडला नमुन्याचा आकार सांगण्याआधी हा हिशेब करून ठेवा, नाहीतर फिल्डवर्क अर्ध्यात अडकेल.

तुमची जबाबदारी

वकिलांना गुपित राखण्याबाबत जसा आधार असतो, तसा आपल्याला नाही. ‘मी कोणाला सांगणार नाही’ एवढं आश्वासन पुरत नाही. त्यामुळे जी माहिती लागत नाही ती गोळाच करू नका. नाव, गाडीचा नंबर, कंपनीचं नाव काही लिहायचं नाही. नैतिक समितीची मंजुरी आणि संमतिपत्र पहिल्या मुलाखतीच्या आधी, नंतर नाही.

आतेभावाला मी म्हणालो, अभ्यास मनाईच्या बाजूने झुकतो, पण तो दुकानं-कारखान्यांचा आहे, तुझ्या मोटारसायकलचा नाही. तेव्हा पिस्तुलाऐवजी कंपनीकडे जोडीने जाण्याची आणि रोकड कमी करून ऑनलाइन हप्ते घेण्याची मागणी कर. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि समज, मी आधीच घेतलेलं असलं तर?"

मी खिशातून रुपयाचं नाणं काढून त्याच्या हातात दिलं. तो हसला. नाणं न उडवताच त्याने ते परत केलं.

तुमच्या विषयात असा कोणता प्रश्न आहे, ज्याचं खरं उत्तर देणं माणसाला महाग पडेल? सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो वेगळ्या कागदावर लिहून काढा, आणि त्याखाली उत्तर देणाऱ्याचं काय नुकसान होऊ शकतं तेही लिहा. पद्धत त्यानंतर निवडा.