आईची इरकल आणि मी बदललेल्या तीन गोष्टी

गेल्या मे महिन्यात जव्हारच्या घरी मी आईची इरकल धुतली. कोमट पाणी, रोजची पावडर आणि अंगणातलं कडक ऊन. काठ निस्तेज झाला, पदराच्या जोडापाशी चुण्या पडल्या. आई एवढंच म्हणाली, "प्रयोगशाळेतही असंच करतेस का गं?"

इरकल मूळची बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. आईचं आजोळ सोलापूरचं, म्हणून ती आमच्या डोंगरात आली. तिचं अंग सुती, काठ-पदर रेशमी. पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. म्हणजे एकाच कापडात दोन स्वभाव. सूत म्हणजे सेल्युलोज: आम्लारी सोसतं (मर्सराइज करताना त्याला कॉस्टिक सोडाच देतात), आम्लाने कमजोर होतं. रेशीम म्हणजे प्रथिन, त्याचं नेमकं उलटं. भिजल्यावर सूत बळकट होतं, रेशीम दुबळं. शिवाय बऱ्याच पावडरी आम्लारीधर्मी असतात आणि काहींत प्रोटिएज हे विकर असतं. डागातलं प्रथिन तोडणारं विकर रेशमाला कशाला सोडेल?

मग दोष पावडरीचाच? तसं म्हणता येईना, कारण मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. संशोधनाच्या तयारीत असाल तर इथे जरा थांबा.

पदराच्या दशांतले रेशमी धागे आणि आतल्या टोकाचे सुती धागे घेतले. एका कपात गार पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात गार पाण्यात पावडर. रात्रभर ठेवून, वाळवून, कुठला धागा कुठल्या कपातला ते न सांगता आईला ओढायला दिले. पावडरीतलं रेशीम तिने लगेच ओळखलं. सुतात तिला फरक जाणवला नाही. चुण्यांमागे कोमट पाण्याने आटलेलं सूत असावं, पण ते धाग्यांवरून कळत नाही. आणि मोजक्या धाग्यांवर मी शोधनिबंध लिहिणार नाहीये.

तोवर नियम एकच, नाजूक धाग्याला सांभाळायचं. आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा, रंग जातो का बघा. मग गार पाणी, रिठा किंवा सौम्य द्रव साबण, दोन-चार मिनिटं. पिळू नका, सावलीत वाळवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात ट्रंकेतही बुरशी धरते, म्हणून खळ न घालता, पूर्ण कोरडी करून मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून घड्या बदला.

उन्हाचा कप राहिलाच. ठेवणार त्या दिवशी मोखाड्याकडून ढग आले.