पोरगी चालते-फिरते, मग अपंगाचा अर्ज कशाला?

दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की आम्ही विहाराच्या ओसरीत दोन तास बसतो. कचेरीत कारकुनी करून पोट भरत असल्यामुळे सरकारी फॉर्मची भाषा आम्हाला थोडीफार कळते. ती वस्तीच्या कामी यावी, एवढाच हेतू. कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज असतो, कुणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी एक बाई आल्या. नवरा धान्याच्या बाजारात हमाल, त्या स्वतः चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. पदराआडून त्यांनी एक मळका कागद काढला. सरकारी दवाखान्याचा रक्ततपासणीचा अहवाल होता तो. त्यावर लिहिले होते, 'एसएस'. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. मुलगी अठरा पूर्ण केलेली, अकरावीची परीक्षा दिलेली.

आम्ही म्हणालो, "बाई, हिचे दिव्यांग प्रमाणपत्र काढायला हवे."

त्या दचकल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी तर चालते-फिरते. तिला अपंग कोण म्हणन? अन् असा कागद घरात आला, तर उद्या तिचं लगन कसं होईन?"

वाचकहो, हे दोन्ही प्रश्न केवळ त्या बाईंचे नाहीत. विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी बांधवांच्या पाड्यांवर सिकलसेल घरोघर ठाऊक असलेला आजार आहे. म्हणून हा विषय आम्ही जरा विस्ताराने मांडत आहोत.

यादीत नाव आहे काय?

सिकलसेलमध्ये रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. अंगात रक्त कमी पडते, रुग्णाला वरचेवर भरती करावे लागते, कधी रक्त द्यावे लागते. दुखणे नसते त्या दिवशी हाच माणूस चारचौघांसारखा दिसतो. त्यामुळे शेजारी त्याला आळशी म्हणतात, आणि पुष्कळदा घरचेही म्हणतात.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्यांत सिकलसेल नव्हता. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. या कायद्यात प्रकार २१ झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार त्यांत आले. तेव्हा "हात-पाय तर शाबूत आहेत, मग कसले अपंगत्व?" असे कुणी विचारले, तर त्याला २०१६ चा कायदा दाखवावा.

मात्र एक भेद नीट समजून घ्यावा. 'एसएस' म्हणजे रुग्ण आणि 'एएस' म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, आणि अपंगत्वाच्या लाभासाठी तो पात्र नाही. त्या बाईंचा मुलगा वाहक निघाला होता. कुणीतरी त्यांना सांगितले होते की दोघांचेही फॉर्म भरून टाका. आम्ही मुलाचा फॉर्म भरला नाही.

टक्के किती?

यादीत नाव असले म्हणजे काम झाले, असेही नाही. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागते. ते टक्के सरकारी रुग्णालयातील डॉक्टर ठरवतात. अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. घरी सोय नसेल तर सेवा केंद्रातून भरावा. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्यानंतर तपासणी होते, आणि प्रमाणपत्रासोबत 'यूडीआयडी' नावाचे ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांहून कमी असल्यास कार्ड पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांपर्यंत पिवळे आणि ८० व त्यावर निळे.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वेळी आम्ही त्या मुलीला केवळ रक्ताचा अहवाल देऊन पाठवले. टक्के ४० च्या खाली आले. बाई म्हणाल्या, "गरिबाची पोरगी म्हणून कमी देल्ले." आम्हालाही तसेच वाटले. पण शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की डॉक्टरांपुढे पुरावाच नव्हता. वर्षात किती वेळा दुखणे उठले, किती वेळा भरती झाली, किती वेळा रक्त चढवले, यावर या आजाराचे मोजमाप होते. भरतीचे कागद घरी पत्र्याच्या पेटीत पडले होते, आणि काही रद्दीत गेले होते. जे सापडले ते तारखेप्रमाणे लावले. रद्दीत गेलेल्यांच्या नकला दवाखान्याच्या नोंदीतून मागून आणल्या. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर त्याविरुद्ध अपील करता येते. कायद्याच्या ५९ व्या कलमात तशी तरतूद आहे. अपिलानंतर फेरतपासणी झाली आणि टक्के ४० च्या वर गेले.

म्हणून माताभगिनींना आमची हात जोडून विनंती आहे. दवाखान्याचा एकही कागद चुलीत घालू नका.

येथे थोडा हिशेबही सांगतो. सिकलसेलमुळे पुष्कळांच्या खुब्याचे हाड खराब होते. ते अपंगत्व वेगळे मोजून घ्यावे. समजा, रक्ताचे ३० टक्के आले आणि पायाचे २०. दोन्ही मिळून ५० होत नाहीत. नियम असा आहे : मोठा आकडा ९० मधून वजा करा, उरले ६०. त्याला लहान आकड्याने गुणा, झाले १२००. त्याला ९० ने भागा, आले १३ आणि वर काही. ते मोठ्या आकड्यात मिळवा. बेरीज ४३ च्या वर जाते. दुसरे दुखणे डॉक्टरांना सांगितलेच नसते, तर हा माणूस ३० वर अडकून ४० च्या दाराबाहेर राहिला असता.

प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे, हे त्यावर लिहिलेले असते. मुदतीचे असल्यास ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

प्रत्येक योजनेचे दार वेगळे

प्रमाणपत्र हाती आले की सगळ्या योजना आपोआप लागू होतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक योजनेची अट निराळी असते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. तिच्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. वय ६५ च्या आत, राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, अशा तिच्या अटी आहेत. दिव्यांगांना पूर्वी महिना १५०० रुपये मिळत. २०२५ साली ते २५०० झाले. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पैसे थांबतात. केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजनाही आहे, पण तिला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते.

रेल्वेत सिकलसेलच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत मिळते. पण तिथे यूडीआयडी दाखवून भागत नाही, रेल्वेच्या नमुन्यातील डॉक्टरांचा दाखला लागतो. एसटीतही दिव्यांगांना आणि सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्याला तासामागे २० मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी शाळेकडे अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी द्यावा. उच्च शिक्षणात ४० टक्क्यांवरील दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.

सरकारी नोकरीत मात्र ४ टक्के आरक्षण असले तरी त्याच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. कायद्याने ज्याला दिव्यांग म्हटले, त्याला नोकरीच्या वेळी त्याच कायद्याने बाहेर ठेवले. पायाचे अपंगत्व स्वतंत्रपणे ४० टक्के भरले, तर अस्थिव्यंगाच्या जागेवर दावा करता येतो. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा यासाठी आपल्या संघटनांनी बोलले पाहिजे.

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते. जातीच्या दाखल्यावर सवलत घेतली तर अपंगाची बंद होते काय? नाही. दोन्ही हक्क स्वतंत्र आहेत. अनुसूचित जातीचा उमेदवार दिव्यांगही असू शकतो.

हमालाच्या घरचा हिशेब

आता त्या मुलीच्या अनुदानाचे काय झाले ते सांगतो. बापाला दिवसाला ३०० रुपये पडतात. वर्षात २०० दिवस काम मिळाले असे धरले, तरी ६० हजार होतात. बाईंची कमाई वेगळीच. उत्पन्नाचा दाखला खरा निघाला आणि मुलगी अनुदानासाठी अपात्र ठरली. एका माणसाने दाखला 'कमी करून' आणण्याची तयारी दाखवली. त्याचे पैसेही सांगितले. बापाने आमच्याकडे पाहिले. आम्ही नको म्हणालो. खोटा कागद आज पैसे देतो, पण उद्या चौकशी लागली की खऱ्या प्रमाणपत्रावरही संशय येतो. मात्र रोज घाम गाळणारा हमाल ज्या हिशेबाने 'उत्पन्नवाला' ठरतो, ती मर्यादा वाढलीच पाहिजे. तसे निवेदन आम्ही वस्तीच्या सह्यांनिशी तहसीलदारांना दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

तरीही त्या कागदाने काम केलेच. बारावीचा पेपर चालू असताना मुलीचे हात दुखायला लागले. जादा वेळ होता म्हणून पेपर पुरा झाला. ती पास झाली आणि आज महाविद्यालयात जाते.

राहिला लग्नाचा प्रश्न. त्या दिवशी आम्ही बाईंना समजावत होतो, तेवढ्यात मुलगीच बोलली, "आई, कागद लपवला तर रोग जाते का?" त्यावर आम्ही एवढेच जोडले की, एएस आणि एएस असे दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एसएस मुलीने सिकलसेलचा अंशही नसलेल्या मुलाशी लग्न केले, तर मुले वाहक होतील, पण रुग्ण होणार नाहीत. म्हणजे मुलीचा कागद लपवण्याऐवजी मुलाचाही कागद मागावा. पत्रिका जुळवणे आपण सोडून दिले आहे. आता रक्ताचा अहवाल जुळवावा.

गेल्या महिन्यात त्याच बाई विहारात आल्या. सोबत पलीकडच्या गल्लीतील दुसरी एक माउली होती, आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा. आम्ही काही विचारण्याआधीच बाईंनी तिला बजावले, "पेटीतले सगळे कागद आणले ना वं? तारखेनं लाव पहिले."