आरोग्य विमा : स्वस्त कोणता आणि ‘डिडक्टिबल’ म्हणजे काय?



भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग संसाराला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा, असा त्याचा आशय आहे. आजच्या काळात मध्यमवर्गीय आणि कष्टकरी कुटुंबावर येणारे सर्वांत मोठे संकट म्हणजे दवाखान्याचे बिल. मुलांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे साठवलेला पैसा चार दिवसांत जातो, हे बँकेच्या काउंटरवर बसून मी अनेकदा पाहिले आहे. मुदत ठेव मोडायला आलेल्या माणसाला कारण विचारावे लागत नाही, ते त्याच्या हातातल्या पिशवीतील एक्स-रे सांगतात.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारी पडलेल्या कामगाराला कोणाच्या दयेवर राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार. परंतु आपल्या समाजातील रिक्षाचालक, छोटे दुकानदार, घरकाम करणाऱ्या भगिनी, शिकवण्या घेणारे पदवीधर, असे कितीतरी लोक या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांना स्वतःचा विमा स्वतःच पाहावा लागतो. म्हणून हा लेखप्रपंच.

विषय रूक्ष आहे, याची मला कल्पना आहे. पण तो न समजल्याने काय होते, हे मी घरातच अनुभवले आहे.

माझी चूक

माझे थोरले बंधू एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्याकडे एक एजंट पाच लाखांची पॉलिसी घेऊन आला. हप्ता इतर पॉलिसींच्या मानाने फारच कमी होता. दादांनी मला विचारले, “तू बँकेत आहेस, बघ रे जरा.” मी पहिले पान पाहिले, पाच लाखांचा आकडा पाहिला आणि म्हणालो, “स्वस्त आहे, घेऊन टाक.” २०२२ साली दादांच्या छातीत दुखू लागले. अँजिओप्लास्टी झाली. बिल झाले एक लाख पंच्याऐंशी हजार. कंपनीकडून एक रुपयाही मिळाला नाही.

कंपनीने फसवले म्हणावे, तर तेही नाही. पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट छापले होते : डिडक्टिबल तीन लाख रुपये. ती टॉप-अप पॉलिसी होती. ज्याच्याकडे पहिली पॉलिसी आहे त्याने तिच्या वर घ्यायची. दादांकडे पहिली पॉलिसी नव्हतीच. वहिनींचे दागिने गहाण पडले आणि पुतणीचा नर्सिंगचा प्रवेश एक वर्ष लांबला. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र ते दुसरे पान अजून आठवते.

डिडक्टिबल म्हणजे काय?

डिडक्टिबल म्हणजे दवाखान्याच्या खर्चातील पहिला ठरावीक हिस्सा, जो विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. त्याच्या वरचा खर्च कंपनी देते. समजा, पॉलिसी पाच लाखांची आहे आणि डिडक्टिबल २५ हजार आहे. मंजूर होण्याजोगा खर्च ८० हजार झाला, तर कंपनी ५५ हजार देईल. खर्च २० हजारच झाला, तर काहीच देणार नाही. डिडक्टिबल जितके मोठे, तितका हप्ता कमी. कारण लहान दुखण्यांचा भार कंपनीवर पडतच नाही. म्हणून हप्ता स्वस्त दिसला की पहिला प्रश्न विचारावा : यात डिडक्टिबल किती आहे?

दुसरा प्रश्न : ते प्रत्येक वेळेला की वर्षाला? साध्या टॉप-अप पॉलिसीत दवाखान्यात दाखल झाल्यावर प्रत्येक वेळी ते वेगळे मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचा खर्च एकत्र धरतात. डिडक्टिबल तीन लाख आहे आणि एका वर्षात दोनदा दाखल व्हावे लागले, असे धरू. एकदा दोन लाख, एकदा अडीच लाख खर्च आला. टॉप-अपमध्ये दोन्ही वेळा शून्य मिळेल. सुपर टॉप-अपमध्ये एकूण साडेचार लाखांतून तीन लाख वजा जाऊन दीड लाख मिळतील. नावात एका शब्दाचा फरक, पदरात दीड लाखाचा.

मग डिडक्टिबल वाईट का? मुळीच नाही. ज्याच्याकडे नोकरीतील तीन लाखांचे विमासंरक्षण आहे, त्याने त्यावर तीन लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घेतली तर थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. नियम एवढाच की, जेवढी रक्कम आपण आठवडाभरात कर्ज न काढता उभी करू शकतो, किंवा जेवढी दुसऱ्या पॉलिसीतून मिळणार आहे, तेवढेच डिडक्टिबल स्वीकारावे.

डिडक्टिबलचे दोन भाऊबंद

पहिला को-पेमेंट. यात ठरावीक रक्कम नसते, टक्केवारी असते. दहा टक्के को-पेमेंट असेल तर दोन लाखांच्या मंजूर खर्चातील २० हजार आपले. बिल वाढेल तसा आपला वाटाही वाढतो.

दुसरा खोलीभाड्याची मर्यादा. हा सर्वांत फसवा. समजा, पॉलिसीत रोज तीन हजार रुपये खोलीभाडे मंजूर आहे आणि आपण सहा हजारांची खोली चार दिवस घेतली. आपल्याला वाटते, फरक बारा हजारांचा. पण खोली दुप्पट दराची घेतली म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग हे खर्चही कंपनी निम्मेच धरू शकते. हे खर्च ८० हजार असतील तर ४० हजार कापले जातील. औषधे व शरीरात बसवलेली साधने यांवर अशी कपात करता येत नाही. तरीही एकूण ५२ हजार आपल्या खिशातून जातात. म्हणून दाखल होतानाच पॉलिसी पाहून खोली निवडावी.

स्वस्त विमा कोठे शोधावा?

एक, आधी रेशनकार्ड बाहेर काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना महाराष्ट्रात एकत्रित राबवल्या जातात. २०२४ पासून महाराष्ट्रातील सर्व रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हप्ता नाही. मात्र योजनेच्या यादीतील उपचार आणि योजनेतील दवाखाना असावा लागतो. अशा दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला आधी भेटावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळते. दादांकडे केशरी रेशनकार्ड होते आणि त्यांचा उपचारही योजनेत बसणारा होता. आम्ही विचारलेच नाही.

दोन, नोकरीत असाल तर पगाराची पावती पाहा. नोंदणीकृत आस्थापनेत दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा लागू असतो.

तीन, बँकेतून वर्षाला २० रुपये आणि ४३६ रुपये कापले जातात, त्यांना आरोग्य विमा समजू नका. पहिला अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी आहे, दुसरा मृत्यूनंतर वारसासाठी. आजारपणाचे बिल यातून मिळत नाही. “साहेब, माझा विमा कापला जातो ना?” असे विचारणाऱ्याला हे सांगताना जिवावर येते.

चार, स्वतःची पॉलिसी घ्यायची तर ‘आरोग्य संजीवनी’पासून तुलना सुरू करावी. २०२० साली आलेल्या या पॉलिसीच्या मूळ अटी सर्व कंपन्यांना सारख्या ठरवून दिल्या, हप्ता मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे तुलना सोपी होते. यात पाच टक्के को-पेमेंट आहे आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवावे. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. नव्या पावतीत तो लावलेला नाही ना, ते पाहावे.

पाच, विद्यार्थी आणि तरुणांनी उशीर करू नये. हप्ता वयाप्रमाणे वाढतो. शिवाय अपघात सोडल्यास पहिले ३० दिवस बहुधा संरक्षण नसते आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. निरोगी असतानाच हा काळ मागे टाकलेला बरा.

खरे सांगा, मराठीत मागा

मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नये. एजंट म्हणेल, “लिहू नका, हप्ता वाढेल.” हप्ता वाढलेला परवडतो, नाकारलेला दावा परवडत नाही. पंचशीलातील चौथे शील येथे व्यवहारातही उपयोगी पडते. फॉर्म स्वतः भरावा, कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दिली नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक मिळते. त्यात डिडक्टिबल, को-पेमेंट, थांबण्याचा काळ हे थोडक्यात दिलेले असते. ते स्थानिक भाषेत मागता येते. मराठीत मागा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसेल तर, परत करता येते. दादांच्या वेळी मी ते दुसरे पान मुदतीत वाचले असते, तर एवढे झाले नसते.

दावा चुकीने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

शेवटी एक विनंती

आजारी भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते तेव्हा तथागतांनी आनंदांसह स्वतः त्याला स्नान घालून अंथरुणावर ठेवले, ही कथा आपण विहारात ऐकतो. आज रुग्णसेवेचा एक भाग कागद वाचणे हाही आहे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर तासभर राखून ठेवावा. प्रत्येकाने आपली पॉलिसी आणि रेशनकार्ड घेऊन यावे. शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना ते वाचून दाखवावे, विशेषतः दुसरे पान. पुतणी आता नर्स झाली आहे. पहिल्या पगारातून तिने आईवडिलांसाठी पॉलिसी घेतली, तेव्हा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “काका, या वेळी सगळी पाने वाचू.”

आम्ही सगळी पाने वाचली. आपणही वाचावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!