कुटुंबासाठी पिकअप : रोजची ये-जा आणि हलका ट्रेलर
अमेरिकेतील घरगुती वाहने – लेखांक ८

पिकअप म्हणजे पुढे बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विक्रीस आणली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक शेतकरी आणि छोटे कारागीर होते. पुढच्या शंभर वर्षांत केबिन वाढत गेली आणि हौदा आखूड होत गेला. महाराष्ट्रात पिकअप भल्या पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजार समितीच्या दारात उभी असते. अमेरिकेत त्याच जातीची गाडी सकाळी मुलांना शाळेत सोडते, दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहते आणि शनिवारी होडी किंवा छोटा कॅम्पर ओढत तळ्याकाठी जाते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही घरातली दुसरी गाडी म्हणून पिकअपचा विचार होतो. अशा कुटुंबाची गरज दुहेरी असते : आठवड्याचे पाच दिवस एकट्या माणसाची ये-जा, आणि अधूनमधून भरल्यावर ५,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २,२७० किलोच्या आत राहणारा ट्रेलर.

निवडीची सुरुवात गाडीपासून न करता ट्रेलरपासून करावी लागते. ट्रेलरचे दोन आकडे असतात. एक रिकाम्या ट्रेलरचा आणि दुसरा भरून चालवण्याच्या कमाल वजनाचा. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो, रस्त्यावर मात्र दुसऱ्याशी गाठ असते. घर हलवण्यासाठी यू-हॉल कंपनी भाड्याने देते तो पाच फूट बाय आठ फुटांचा बंद ट्रेलर रिकामा ९०० पौंडांचा असतो आणि भरून २,७०० पौंडांपर्यंत नेता येतो, म्हणजे तिप्पट. घडीचे कॅम्पर साधारण १,५०० ते ३,००० पौंडांत बसतात. पण पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, त्यामुळे ३० गॅलनची टाकी भरताच २५० पौंड वाढले. गॅसची टाकी, बॅटरी, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली, शिधा हे सारे त्यात मिळवायचे. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या पाटीवर छापलेल्या कमाल वजनाने करावा. ट्रेलर आधीच घरी असेल तर महामार्गावरच्या ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. सहलीला निघताना असतो तसाच भरलेला ट्रेलर एकदा त्यावर चढवला की अंदाजाचे काम उरत नाही.

यानंतर गाडीची भारक्षमता येते. घरगुती पिकअपच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका येथेच होतात, आणि त्या चुका सुरक्षेच्या असतात. प्रत्येक कंपनी आपल्या पिकअपची ओढक्षमता मोठ्या अक्षरांत सांगते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली पिवळ्या पट्टीची चिठ्ठी मात्र शोरूममध्ये फारसे कोणी वाचत नाही. या गाडीत माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांहून जास्त वजन कधीही होता कामा नये, असे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी उभ्या असलेल्या दोन पिकअपच्या चिठ्ठ्या शेकडो पौंडांनी वेगळ्या असू शकतात, कारण चारचाकी चालन, काचेचे छत, मोठी चाके, विजेवर हलणारी आसने या प्रत्येक सोयीचे वजन भारक्षमतेतून वजा होते. सर्वांत महागडी, नटवलेली आवृत्ती बरेचदा सर्वांत कमी वजन पेलते.

ट्रेलरच्या वजनाचा एक भाग गाडीवरही बसतो, आणि तोही याच चिठ्ठीतल्या आकड्यात मोजायचा असतो. ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या हिचवर टेकतो. तेथे येणारा उभा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. उदाहरण म्हणून १,४०० पौंडांची चिठ्ठी असलेली पिकअप घेऊ. आईवडील आणि दोन मुले मिळून ४७० पौंड, हौद्यातले सामान २०० पौंड, हिचचा लोखंडी जोड ५० पौंड. मागे ४,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर त्याचा १३ टक्के भार ५२० पौंड. बेरीज १,२४०, गाडी मर्यादेत आहे. ट्रेलर ५,००० पौंडांचा झाला की तोच भार ६५० होतो आणि बेरीज १,३७० वर जाते. आता १३० पौंड वजनाची आजी मागच्या आसनावर बसली, तर बेरीज १,५०० झाली आणि मर्यादा ओलांडली गेली. जाहिरातीत ओढक्षमता ५,००० पौंड लिहिली होती आणि ती खोटी नव्हती. त्या कुटुंबाला ती पूर्ण वापरता येणार नव्हती, एवढेच. मर्यादा ओलांडलेल्या गाडीचा मागचा भाग दबतो, पुढच्या चाकांवरचा भार घटतो, स्टिअरिंग हलके पडते, रात्री दिव्यांचा झोत वर जातो आणि थांबायला लागणारे अंतर वाढते.

ओढक्षमतेच्या आकड्यालाही अर्थ आहे, आणि पूर्वीपेक्षा आज तो अधिक भरवशाचा आहे. एके काळी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवत असे. मग सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स या संस्थेने जे-२८०७ हे समान परीक्षामान आखले. टोयोटाने २०११च्या गाड्यांपासून ते स्वीकारले आणि इतर कंपन्या त्यामागून आल्या. या परीक्षेतला चढ ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्यावरून घेतला आहे : सुमारे साडेअकरा मैलांची सलग चढण, बाहेर १०० अंश फॅरनहाइट तापमान, एअर कंडिशनर पूर्ण चालू, आणि तरीही साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. परीक्षा कठोर आहे, पण तीत गाडीत दीडदीडशे पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. चौघांच्या कुटुंबाने छापील आकड्याच्या तीनचतुर्थांशापर्यंतच जावे, हा अनुभवी लोकांचा नेम त्यामुळे रास्त ठरतो.

वजनाइतकाच वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ताशी साठ मैलांवर उंच, सपाट तोंडाचा कॅम्पर हवेला भिंतीसारखा आडवा येतो. तेवढ्याच वजनाची बुटकी होडी सहज मागे येते. कॅम्पर ओढताना इंधनाची सरासरी बरेचदा निम्म्यावर येते. काही कंपन्या ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा चौरस फुटांत देतात. ती मालकपुस्तिकेत शोधून वाचावी.

आता गाड्यांकडे वळता येईल. पिकअपची बांधणी दोन प्रकारची असते. पारंपरिक प्रकारात पोलादी शिडीसारख्या चासीवर केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले असतात आणि मागच्या आसाला बहुधा पाटे असतात. दुसऱ्या प्रकारात मोटारीप्रमाणे सांगाडा आणि शरीर एकच असते. पहिली बांधणी जड भार व खडबडीत रस्ता सोसते, पण रिकामी असताना मागून उडते. दुसरी रोजच्या रस्त्यावर मऊ चालते आणि वळणावर नीट बसते. पाच दिवस ऑफिस आणि एक दिवस ट्रेलर अशी विभागणी असलेल्या घराला दुसरी बांधणी अधिक मानवते.

या दुसऱ्या गटात होंडाची रिजलाइन २००५ पासून आहे. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना शक्ती, ५,००० पौंड ओढक्षमता आणि हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद कप्पा. त्या कप्प्याला पाणी सोडण्याचे बूचही आहे, त्यामुळे सहलीत बर्फ भरून थंड पेयांसाठी तो वापरता येतो. ह्युंदाईची सांताक्रूझ साध्या इंजिनासह ३,५०० आणि टर्बोसह ५,००० पौंड ओढते, मात्र तिचा हौदा लहान आहे. फोर्डची मॅव्हरिक २०२२च्या वर्षापासून बाजारात आली. तिची ओढक्षमता मुळात २,००० पौंड आहे. ४,००० पौंडांसाठी टर्बो इंजिनासोबत कारखान्यातून बसवून येणारा खास संच मागवावा लागतो, आणि २०२५पासून हायब्रिडलाही तो मिळू लागला. संचात तेल थंड ठेवणारा कूलर, मोठा पंखा आणि बदललेले गिअर गुणोत्तर असते. नंतर बाहेरून नुसता हिच बसवल्याने क्षमता दुप्पट होत नाही, हे प्रत्येक कंपनीच्या गाडीला लागू आहे. जुनी गाडी घेताना तर हिच दिसला म्हणून भुलू नये. संच मुळात बसवलेला होता का, ते मूळ खरेदीपत्रावरून तपासावे.

चासीवरच्या मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये टोयोटा टॅकोमा ६,५०० पौंडांपर्यंत ओढते. फोर्ड रेंजर आणि शेव्हरोले कोलोरॅडो ७,५०० पौंडांच्या घरात आहेत. डोंगराळ राज्यात राहणाऱ्या आणि दर पंधरवड्याला कॅम्पर घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला ही शिल्लक ताकद उपयोगी पडते. फोर्ड एफ-१५० सारखी मोठी पिकअप दहा हजार पौंडांच्याही पुढे जाते. हलक्या ट्रेलरसाठी एवढ्या क्षमतेची गरज नसते. मात्र सहा माणसांचे कुटुंब असेल तर तिची रुंद केबिन हे एक खरे कारण ठरते.

रोजच्या प्रवासाचा हिशेब इंधनापासून सुरू होतो. वर्षाला १२,००० मैल धरले तर गॅलनला २० मैल देणारी पिकअप ६०० गॅलन पेट्रोल पिते. मॅव्हरिकच्या सुरुवातीच्या हायब्रिडला सरकारी चाचणीत सरासरी ३७ मैल मिळाले. त्या हिशेबाने ३२४ गॅलन पुरतात. फरक २७६ गॅलनचा, म्हणजे हजार लिटरहून अधिक, आणि तो दरवर्षी पडत राहतो. विजेवरच्या पिकअपला घरी चार्जिंगची सोय असेल तर रोजची ये-जा स्वस्तात होते, पण मोठा ट्रेलर लावताच तिचा पल्ला जवळपास अर्धा होतो आणि बऱ्याच चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय गाडी खांबापर्यंत नेता येत नाही.

लांबीही आधी मोजावी. चार दारांची, आखूड हौद्याची एफ-१५० साधारण २३२ इंच, म्हणजे १९ फुटांहून अधिक लांब असते. मॅव्हरिक सुमारे २०० इंच. २० फूट खोल गॅरेजमध्ये पहिली उभी केली तर दार लावून पुढून चालायला जागा उरत नाही.

उंच बॉनेटचा प्रश्न पादचाऱ्यांच्या जिवाशी निगडित आहे, आणि लहान मुले असलेल्या घराने तो मुळीच टाळू नये. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या वाहनांची धडक पादचाऱ्यांसाठी जीवघेणी ठरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. शिवाय अशा बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतही नाही. त्याच संस्थेने त्याच वर्षी लहान आकाराच्या पाच चारदारी पिकअपची समोरासमोरच्या धडकेची नवी चाचणी घेतली. मागच्या आसनावरच्या प्रवाशाच्या संरक्षणात त्या कमी पडल्या आणि एकीलाही ‘चांगली’ श्रेणी मिळाली नाही. गाड्यांच्या पिढ्या बदलतात, म्हणून खरेदीच्या वर्षाची श्रेणी स्वतंत्रपणे पाहावी. मागच्या आसनावर घरच्याच बालआसनांचा प्रयोग शोरूममध्ये करून पाहणेही गरजेचे आहे : मध्यम पिकअपची मागची पाठ सरळ आणि गुडघ्यांची जागा तुटपुंजी असते, आणि उलट्या तोंडाचे बाळाचे आसन लावल्यावर पुढचा माणूस नीट बसू शकेल याची खात्री नसते.

जोडसामग्रीबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्गाचा हिच २,००० पौंडांसाठी, दुसरा ३,५०० पौंडांसाठी. त्यापुढे तिसऱ्या वर्गाचा, दोन इंची चौकोनी नळीचा हिच लागतो. गाडी, हिच आणि ट्रेलरचा दांडा ज्यावर बसतो तो गोळा यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच एकूण मर्यादा. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत; कॅलिफोर्नियात ही मर्यादा १,५०० पौंड आहे आणि तेथे ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांपुढे जाता येत नाही. विजेवर चालणाऱ्या ट्रेलरब्रेकसाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांचा जोड हवा. सामान भरताना जड वस्तू ट्रेलरच्या आसाच्या पुढे ठेवाव्यात. मागे वजन झाले की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. तसे झाल्यास गाडीचा ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून, कंट्रोलरने फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावावा.

३,५०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर, सपाट रस्ते आणि चौघांचे घर असेल तर एकसंध बांधणीची लहान पिकअप, संच कारखान्यातून बसवलेली, हीच योग्य निवड आहे. त्यापुढे ५,००० पौंडांपर्यंत आणि घाटरस्त्यांसाठी मध्यम पिकअप घ्यावी, तीही दारावरची चिठ्ठी वाचूनच. वर्षातून एकदोनदाच ट्रेलर ओढणाऱ्या कुटुंबाने साधी मोटार ठेवून त्या दिवसापुरती पिकअप भाड्याने आणावी. मात्र नेहमीच्या मोटारभाडे कंपन्यांच्या करारात ट्रेलर ओढण्यास बहुधा मनाई असते, म्हणून घरसामान हलवण्याची वाहने देणाऱ्या कंपनीकडूनच ती घ्यावी.